आमच्या खोलीतला एकच बी.ए.

थळच्या एका कोळ्याचा मुलगा आणि चौलचा मी, असे आम्ही आणखी दोघांबरोबर गिरगावात एका खोलीत राहत होतो. साठ सालाच्या आधीची गोष्ट. आम्हा दोघांची निम्मी फी माफ होती, त्यामुळे गावाला वाटे, पोरं फुकटात शिकताहेत. पण खोलीचं भाडं, खानावळ, पुस्तकं, परीक्षेचा फॉर्म यातलं काही माफ नव्हतं. त्याच्या घरी तर आणखी एक खर्च होता. तो होडीवर नाही म्हणून वडिलांनी दुसरा खलाशी ठेवला होता, आणि दर खेपेला त्याला मासळीतला वाटा द्यावा लागे.

इंटर सायन्सला तो नापास झाला. वर्तमानपत्रात नंबर शोधताना त्याचं बोट एकाच रकान्यावरून तीनदा फिरलं. आठवड्याभरात तो बंदरातल्या एका गोदामात माल मोजायच्या कामाला लागला. घरी मात्र काही कळवलं नाही.

सव्वा वर्षानं, नारळी पौर्णिमेनंतर रेवसची लाँच सुरू झाली तशी त्याची आई सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. खोलीत मी एकटाच होतो.

"मावशी, तो कॉलेजात गेलाय," मी म्हणालो.

तिनं गाठोडं खाली ठेवलं. "खोटं नको बोलू, बाला. आधी त्याच्या कागदात पुस्तकाला दे, फारमाला दे, हेच असायचं. आता सवा वरीस मास्तर कागद वाचून दाखवतो, त्यात पैशाचं नावच न्हाय. पोरगा कमावतोय, ते मना तवाच कळलं."

मी तिला तांब्याभर पाणी दिलं.

संध्याकाळी तो आला आणि तिला पाहून उंबऱ्यातच थांबला.

तिनं विचारलं, "किती विषय गेले?"

"दोन."

"परत बसता येतं का?"

"येतं. पण प्रयोगाला रोज हजर राहावं लागतं. नोकरी सोडावी लागंल."

बराच वेळ ती गाठोड्याची गाठ सोडत बसली. मग म्हणाली, "बापाला मी सांगन. तू सांगू नको, तुला जमायचं न्हाय."

तिनं सांगितलं. वडिलांनी त्या खलाशाला काढलं नाही आणि मुलालाही परत बोलावलं नाही. त्यानंही नोकरी सोडली नाही, की परत परीक्षेला बसला नाही. गावात मात्र ते अभिमानानं सांगत राहिले, माझा पोर कॉलेजात होता. लोक त्याला 'बीए' म्हणून हाक मारू लागले. पुढे पुढे तो सुट्टीतही गावी जायचं टाळू लागला.

आमच्या खोलीतल्या चौघांत पदवी मला एकट्याला मिळाली, तीही दुसऱ्या खेपेला. मी त्याच्याहून हुशार नव्हतो. आमच्या सुपारीच्या वाडीला माझ्या जागी माणूस ठेवावा लागला नाही, एवढंच.

पदवीदान समारंभाला तो अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून आला. माझ्या अंगात भाड्याचा गाऊन होता. बाहेर फोटोवाला उभा होता.

मी म्हटलं, "घाल एकदा. तुझाही काढू."

त्यानं गाऊनच्या बाहीवरून हात फिरवला. "नको. बाप भिंतीवर लावंल, नि घरी गेलो का मना बघायला लागंल."

मग माझा एकट्याचा फोटो निघाला. तो फोटोवाल्याच्या मागे उभा राहून मला "नीट उभा रहा" म्हणत होता.