फाटलेलं यकृत आणि डिंकाच्या कुप्या

महाडच्या आमच्या पंधरा खाटांच्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. सर्जन डॉक्टर एकटेच, आणि टेबलापाशी त्यांच्यासमोर उभी राहणारी मी. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मुंबईतल्या सर्जनांच्या एका सभेहून डॉक्टर काचेच्या इवल्याशा कुप्या घेऊन आले.

"सिस्टर, फ्रीजमध्ये ठेवा. हा डिंक आहे. जखमेसाठी."

मला हसूच आलं. पोटाच्या आत टाके सोडून डिंक?

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाटकाकडून बकऱ्याची कलेजी आणली. ती चिरून आम्ही चिकटवायला बसलो. ओल लागताच तो द्रव घट्ट व्हायचा. जास्त पडला की कडक खपली होऊन निघून यायचा. जागा कोरडी करून अगदी पातळ थर द्यायला हवा. डॉक्टरांचा थेंब मोठा पडे, माझा बारीक. "तुमचा हात बरा आहे," ते म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला.

काही महिन्यांनी एका दुपारी उमरठ गावाहून जीप आली. आत तिशीतली एक बाई, पांढरीफटक पडलेली, आणि तिची सासू. गोठ्यात बिथरलेल्या म्हशीनं सुनेच्या उजव्या बरगडीखाली धडक दिली होती. पोट फुगलं होतं, नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टरांनी पोटात सुई घालून पाहिली. नुसतं रक्त.

"मुंबईला न्यावी लागंल का?" सासूने विचारलं.

"मावशी, वाटेतच जाईल ती. इथेच पोट उघडावं लागेल."

"मग उघडा. पोरगा माजा मुंबईला हाय, त्याला काय सांगायचं ते मी सांगीन."

बाजारातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी धावपळ करून रक्ताच्या बाटल्या मिळवल्या. भूल देणारे डॉक्टर जेवणावरून उठून आले.

यकृत चांगलं बोटभर खोल फाटलं होतं. मोठी रक्तवाहिनी डॉक्टरांनी बांधली, पण फाटलेला भाग पाझरतच राहिला. टाका घालून गाठ मारली की शिजलेल्या भोपळ्यातून दोरा जावा तसा तो चिरत बाहेर येई. तीन टाके असेच गेले. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी यकृत दाबून धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुपी घ्या. माझे हात सुटणार नाहीत. तुम्हीच लावा."

मी द्रव सिरिंजमध्ये ओढून बारीक सुई लावली. डॉक्टर बोट जरा सरकवत, मी गॉजने टिपत असे आणि लगेच थेंब सोडत असे. एक कड दोनदा पुन्हा वाहिली. दोनदा पुन्हा टिपली, पुन्हा लावली. मग डॉक्टरांनी हळूहळू दाब काढला. आम्ही थांबलो. नवा गॉज ठेवला, उचलला. पांढराच होता.

"प्रेशर वर येतंय," बाईच्या डोक्यापाशी बसलेले भुलेचे डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी बाईने पेज मागितली. सासूने मला व्हरांड्यात गाठलं.

"शिवलं नाय म्हनं, चिकटवलं? धरंल ना गो ते?"

"धरलंय, मावशी."

"हात दाव बघू तुजा." तिने माझा पंजा उलटासुलटा करून पाहिला, आपल्या कपाळाला लावला आणि सुनेकडे गेली. दोन आठवड्यांनी ती बाई स्वतःच्या पायांनी जिना उतरून घरी गेली.

पुढे जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत आमच्या डॉक्टरांनी ही केस सांगितली. मला मुद्दाम बरोबर नेलं होतं. एका ज्येष्ठ सर्जनांनी विचारलं, "दोन्ही हात यकृतावर होते, तर डिंक लावला कुणी?"

"आमच्या सिस्टरनी. त्या बसल्यात तिथे."

सगळे वळले. मी उभी राहिले. नर्सला अशा सभेत कुणी काही विचारत नाही, पण त्या ज्येष्ठ सर्जनांनी मला विचारलं, "किती थेंब लागले?"

"मोजले नाहीत, सर," मी म्हणाले. "रक्त थांबेपर्यंत लावले."