सात आटे

अल्लीपूरच्या पाण्याच्या टाकीवर मी उभी हयात वॉल्व खोलले. शाळा चौथीपर्यंतच. पण कोणता वॉल्व किती आटे फिरवला की वरच्या वस्तीलाही पाणी पोचतं अन् खालच्याही, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे.

गुडघे गेले तेव्हा माझ्या जागी आमच्या गल्लीतली एक विधवा बाई लागली. माझी नात नागपूरला सॉफ्टवेअरचं काम करते. तिच्या कंपनीनं गावोगावच्या पाण्यासाठी मोबाइलवर ॲप बनवलं. ती लॅपटॉप घेऊन माझ्या बाजेजवळ बसली.

"आबाजी, तुमच्या डोक्यातलं सारं लिहून ठेवायचं. तुम्ही नसले तरी काम चाललं पाह्यजे."

"म्हंजे मी मेल्यावर."

"लग्नाले गेले तरी," ती म्हणाली.

विहाराजवळच्या वॉल्वचे मी बाजेवरूनच सांगितले, सात आटे. तिनं सात लिहिले.

थोड्याच दिवसांत वरच्या वस्तीत पाणी चढेना. बाई म्हणे, मोबाइलात पाहून सातच फिरवले. लोक म्हणत, हिले जमत नाई, काढा. मला विचारलं तर मी म्हणालो, "मी जनमभर सातच फिरवले. मोबाइलले विचारा."

तिसऱ्या दिवशी बाई दारात आली. "मामाजी, एकदा संगं चला. चुकली असन तर तोंडावर सांगजा. उद्याच्या ग्रामपंचायतीच्या मीटिंगमधी मले काढून राह्यले."

गेलो. तिनं वॉल्ववर चाबी बसवली अन् चाबीचा आडवा दांडा पूर्ण गोल फिरवला. मी पाहतच राहिलो. माझ्या वेळी तिथं भिंत होती. दांडा अर्ध्यातच भिंतीला लागायचा, मग चाबी काढून परत बसवायची. जितक्यांदा बसवली तितके आटे मी मोजायचो. म्हणजे माझे सात खरे साडेतीनच. मी घरी बसल्यावर रस्ता रुंद झाला, भिंत गेली. आता वॉल्व दुप्पट खुलत होता अन् सारं पाणी खालच्या वस्तीत उतरत होतं.

घरी आलो. बाजेवर पडून मनातच आटे परत मोजले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये उठून सांगितलं, "चूक बाईची नाई. माझा आटा अर्धा होता."

"म्हंजे बुढ्या, जिंदगीभर अर्धंच काम केलं का तू?" मागून कोणीतरी म्हणालं. सारे हसले. बाई मात्र कामावर राहिली.

नातीला फोन केला. "ते सात पुसून टाक."

"पुसत नाई आम्ही, आबाजी. जुनं तसंच राह्यते. त्याच्याखाली नवं लिहितो, अन् काऊन बदललं तेही. आटा म्हंजे किती, हे मीच इचारलं नाई."

"दोष माझ्या सांगण्याचा आहे. तसंच लिही."

तिनं लिहिलं. मग विचारलं, "बाकीच्या अकरा वॉल्वचे आटे पूर्ण आहेत का अर्धे?"

मला सांगता येईना. ते हाताला ठाऊक होतं, तोंडाला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी बाईसोबत जातो. विटेवर बसतो, चाबी हातात घेतो, जमेल तेवढी फिरवतो. मोजते ती. एका दिवशी एकच वॉल्व होतो, पुढं गुडघे ऐकत नाहीत. अजून आठ राहिले आहेत.