साडूभाऊंच्या गुहेतलं सोनं

अवघ्या वऱ्हाडात आमच्या साडूभाऊंइतका कंजूष माणूस शोधून सापडायचा नाही. मात्र फक्त रविवारी, दुपारी दोन ते सहा. एरवी हा माणूस असा, की मी अमरावतीहून येणार म्हटलं की अकोल्याच्या स्टँडवर हजर, रिक्षाचे पैसे मला काढू देणार नाही, जठारपेठेतल्या घरी पोचेपर्यंत वाटेत दोनदा कचोरी खाऊ घालणार आणि परत निघताना पिशवीत तुरीची डाळ कोंबणार. पण दोन वाजले, चष्मा बदलला, टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे बसले, की मग तुम्ही मेलात तरी त्यांच्याकडून तांब्याचं नाणं सुटायचं नाही.

हा आमचा खेळ. साडूभाऊ एका राज्याची गोष्ट सांगतात, आम्ही तिघं त्यातली पात्रं होतो, आणि डाव साधला की फसला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी चोर, शेजारचे वकील मांत्रिक आणि माझी मेहुणी, म्हणजे साडूभाऊंची बायको, तलवारबाज. राज्य मनातलं, पण गुहा पातूरच्या आणि जत्रा कौंडण्यपूरची, कारण पाहिलेल्या जागी माणूस चुकत नाही असं त्यांचं मत. राक्षस मारायचा, त्याचा खजिना लुटायचा, त्यातून चांगली शस्त्रं घ्यायची आणि मग मोठ्या राक्षसाला भिडायचं. जगभर हा खेळ असाच चालतो म्हणे. आमच्याकडे राक्षस मरतो, आणि पेटीत गोधडी निघते.

त्यातून साडूभाऊ कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, हे आमचं नशीब. एकदा चुकून मूठभर मोहरा हाती लागल्या, त्या आम्ही एका खेड्यात उधळल्या, तर पुढच्याच रविवारी तिथे दोराचा भाव तिप्पट. मी भांडलो, तर मला म्हणतात, "एवढुशा गावात तुमी एकदम सोनं ओतलं साडूभाऊ, भाव नाई चढनार का?" नदी ओलांडायची तर नावाडी पैसे मागणार, जखम झाली तर वैद्य. एवढं करून काही उरलंच, तर नेमकं त्या गावच्या पाटलाच्या मुलीचं लग्न निघणार! आहेर न करता पंगतीतून उठणं शोभतं का, असा वर आम्हालाच सवाल. तीन वर्षांत माझ्या चोराची सगळी मिळकत म्हणजे एक बोथट सुरी. मेहुणीच्या तलवारीची मूठ सुतळीनं बांधलेली. बायको म्हणून तिलाही सवलत नाही.

गेल्या महिन्यात अखेर वकिलांचं डोकं फिरलं. आठवडाभर कोर्टात दुसऱ्यांच्या वाट्यासाठी भांडायचं आणि रविवारी इथे येऊन स्वतः उपाशी राहायचं, हे काही खरं नाही म्हणाले. पुढच्या खेपेला पेटीत काही निघालं नाही तर ती आपली शेवटची बैठक, असं बजावून ते फासा खिशात टाकून निघून गेले. माणूस शब्दाचा पक्का. साडूभाऊ आडोशाची घडी घालत राहिले.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि मेहुणीला म्हटलं, याला काय म्हणावं, खोटं सोनं द्यायलासुद्धा यांचा हात धजत नाही? तेव्हा तिनं सांगितलं. आम्ही येण्याआधी त्यांचा एक जुना डाव होता, सहा मित्रांचा. तेव्हा साडूभाऊंचा हात सढळ. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी खजिना दिला, गाडीभर सोनं. वऱ्हाडी माणसाच्या हाती सोनं आलं, तो काय करणार? सहाच्या सहांनी काळ्या मातीची वावरं घेतली. एकानं विहीर खोदली, एकानं संत्र्याची बाग लावली. दैत्य आला, धावा, असा राजाचा निरोप आला, तर पेरणी चालू आहे म्हणून कळवलं. दैत्य बिचारा वेशीवर ताटकळत राहिला. सांगताना ती हसत होती, मीही पोट धरून हसलो. मग ती म्हणाली, हळूहळू ते सगळे यायचेच थांबले. खेळात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना. तरी हे चार रविवार मांडामांड करून एकटे बसले. तेव्हापासून यांनी हात आखडला.

पुढच्या रविवारी वकील आले. आम्ही गुहेत शिरलो, राक्षस मेला, मी पेटी उघडली. साडूभाऊंनी कागदावरून वाचलं: दहा हजार मोहरा. आवाज अगदी बारीक. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. वकिलांना जुना डाव ठाऊक नव्हता, ते खुशीत पाय पसरून म्हणाले, "आता मी पन्नास एकर वावर घेतो बापा, अन् बसतो आरामात."

साडूभाऊंनी आडोसा बाजूला सारला. चेहरा उतरलेला. मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापासारखे ते वकिलांकडे पाहत होते.

"घ्या ना वकीलसाहेब, वावर घ्या, इहीर खोदा," ते म्हणाले. "पन रविवारी येत जा."

वकील ओशाळले आणि उगाच कागद चाळू लागले. मला एकदम भरून आलं. या भल्या माणसाला इतकी वर्षं वाटत होतं, की आम्ही सोन्यासाठी उपाशी आहोत म्हणून येतो. अहो, तुमच्यासाठी येतो आम्ही, असं म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं; पण आम्हाला असलं बोलायची सवय कुठे? मी एवढंच म्हणालो, की पुढच्या रविवारी सकाळच्या पहिल्याच गाडीनं निघतो.