चार हजार पौंडांचा वर्ग

समोरून कोणीही आलं की व्हर्लिन स्कार स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. ओळखीचं असो, नसो. कॉफी थंड झालेली असली तरी फुंकर मारूनच प्यायचा. हिशेब कागदावर करायचा नाही. शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला, सुताराच्या चपट्या पेन्सिलीने. काढलेला बोल्ट पुसून परत त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. केकचा शेवटचा तुकडा उचलायचा नाही, त्यातला अर्धा कापून घ्यायचा. मग उरलेल्याचा अर्धा. निघताना मांडीवर थाप मारून ‘चला’ म्हणायचा आणि आणखी वीस मिनिटं बसायचा.

या वेळी तो ‘चला’ न म्हणता गेला. मंगळवारी त्याला पुरलं. शनिवारी जत्रा आहे.

मी सिग्ने. साहित्याची पदवी घेऊन गावी परत आले आणि दोन वर्षांपासून सहकारी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर बसते. ट्रक येतात, मी वजन घेते, चिठ्ठी देते. सकाळी नऊ वाजता गावातले म्हातारे शेतकरी ऑफिसमधल्या टेबलाशी कॉफीला जमतात. पहिल्याच दिवशी व्हर्लिनने विचारलं होतं, शिकलीस काय? मी सांगितलं. तो म्हणाला, “मग काय पंडितबाई, आता आमच्या मक्याचं वजन वृत्तात सांगणार का?” तेव्हापासून मी पंडितबाई. तो चौऱ्याहत्तरचा, मी चोवीसची. माझा त्याच्याइतका जवळचा मित्र गावात दुसरा नव्हता.

त्याच्याकडे लाल फार्मॉल ट्रॅक्टर होता, त्याच्या वडिलांनी सेहेचाळीस साली नवा घेतलेला. काउंटीच्या जत्रेत जुन्या ट्रॅक्टरांची ओझं ओढायची शर्यत लागते, तिथे तो पस्तीस वर्षं उतरत होता. मागे लोखंडी घसरगाडी जोडतात. तिच्यावरची वजनाची पेटी गाडी पुढे जाईल तशी ट्रॅक्टरच्या दिशेने सरकत येते आणि ओझं वाढत जातं. तीनशे फुटांवर झेंडा असतो. बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या आतच धापा टाकत थांबतात. व्हर्लिन एकदाही झेंड्यापर्यंत गेला नव्हता. एका वर्षी दोनशे एक्क्याऐंशी फूट गेला. तो आकडा दारावर वेगळ्या चौकटीत लिहिलेला आहे.

या मार्चमध्ये त्याने कॉफीच्या टेबलावर जाहीर केलं की यंदा साडेचार हजार पौंडांचा वर्ग सोडून चार हजारांच्या वर्गात उतरणार. साडेचार हजारांत सगळे मोठ्या इंजिनांचे, घसरगाडीही त्यांच्या बेताने लावलेली. चार हजारांत आपल्याएवढेच सगळे. तिथे झेंडा गाठता येईल. एकदा गाठायचा, मग ट्रॅक्टर शेडमध्ये झाकून ठेवायचा.

त्याचा जुना दोस्त लॉवेल ब्रेके म्हणाला, “म्हणजे आता बालवाडीत नाव घालतोस म्हण की.”

“तिथे निदान दूध-बिस्किटं मिळतात,” व्हर्लिन म्हणाला.

एप्रिलमध्ये पेरणीआधी तो ट्रॅक्टर घेऊन काट्यावर आला. नियम असा की ट्रॅक्टरचं वजन चालकासकट धरतात आणि ते वर्गाच्या आकड्यावर जाता कामा नये. तो सीटवर ताठ बसला, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. चार हजार तीनशे. मी चिठ्ठी दिली. तिच्याकडे बघत तो म्हणाला, तीनशे पौंड लोखंड म्हणजे काही थोडं नाही.

मग प्रत्येक शनिवारी दुपारी मी त्याच्या शेडमध्ये जाऊ लागले. वजनासाठी मागच्या टायरांत भरलेलं मिठाचं पाणी आम्ही दुधाच्या जुन्या कॅनमध्ये काढलं. पट्ट्याने मळणीयंत्र चालवायची पुली काढली. दिवे काढले. बॅटरी आणि स्टार्टर काढला. आता इंजिन पुढून हँडल मारून चालू करायचं. जे निघेल ते गोठ्यातल्या ताणकाट्याला लटकवायचं आणि आकडा दारावर लिहायचा. वडिलांची लोखंडी सीट मात्र तो काढेना. पत्र्याची हलकी सीट बसव, बारा पौंड वाचतील, असं मी म्हटलं. तो म्हणाला, वजन कमी करणं कोणालाही जमतं, काय ठेवायचं ते कळायला हवं. चार वर्षं मी निबंध लिहिले, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात त्याने डोनट सोडले. मग आर्डिसचा रुबार्बच्या आंबट देठांचा केक. आर्डिस म्हणजे त्याची बायको. तिच्या केकला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. टेबलावर हशा पिकला. लॉवेल म्हणाला, “ट्रॅक्टरचं लोखंड संपलं वाटतं, आता मालकाला तासायला घेतलं.” व्हर्लिनही हसला. बेल्टला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं. आम्ही त्याचं कौतुक केलं. या वयात एवढा निग्रह, असं मी स्वतः म्हणाले. मला ते वाक्य चांगलं आठवतं.

जूनमध्ये एकदा इंजिनाचं हँडल मारताना तो दोनदा थांबला. तिसऱ्यांदा त्याने हँडल माझ्या हातात दिलं. अंगठा दांड्याभोवती घेऊ नकोस, उलटा झटका बसला तर मोडेल, एवढंच म्हणाला. मी हँडल मारलं. इंजिन लागलं. मला फार आनंद झाला. त्याच्याकडे पाहायचं राहून गेलं.

जुलैच्या शेवटी दारावरच्या आकड्यांची बेरीज झाली दोनशे ऐंशी. म्हणजे काट्यावर चार हजार वीस भरायला हवं होतं. वीस पौंड जास्त. ते कुठून काढायचे याचा विचार करतच तो ट्रॅक्टर घेऊन आला आणि सीटवर ताठ बसला. काट्याने दाखवलं तीन हजार नऊशे ऐंशी.

मी बाहेर येऊन आकडा सांगितला. त्याने टोपी मागे सारली. मग म्हणाला, “काटा बिघडलाय तुझा.”

मी म्हटलं, मेमध्येच सरकारी माणूस तपासून गेला, शिक्का आहे. मग ताणकाटा खोटा असेल, तो म्हणाला. मी म्हटलं, तू खाली उतर, नुसता ट्रॅक्टर तोलून बघू, म्हणजे कळेल चूक कुठे आहे.

“नको,” तो म्हणाला. “तिथे आम्हा दोघांना एकत्रच तोलणार आहेत. इथे वेगळं कशाला करायचं?”

मागे मक्याचा ट्रक येऊन उभा होता. मी चिठ्ठी फाडून दिली. त्याने ती नीट घडी करून टोपीच्या आत खोचली.

दुसऱ्या दिवशी तो खुशीत होता. वीस पौंड हाताशी आले होते. ओझं वाढलं की ट्रॅक्टरचं नाक वर उठतं आणि पुढची चाकं जमीन सोडतात, म्हणून नाकावर थोडं लोखंड लटकवणं फायद्याचं असतं. त्यासाठी तो लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट करायला बसला. चार भोकं, चार बोल्ट. खडूने रेघा मारताना म्हणाला की साठ पौंड पेलेल असा करतो.

मी म्हटलं, “आपल्याकडे वीसच आहेत ना?”

“असू दे,” तो म्हणाला. “जत्रेला अजून तीन आठवडे आहेत.”

मी हसले. मला वाटलं, तो डोनटबद्दल बोलतोय.

चार दिवसांनी तो शेडमध्येच खाली बसला, त्याला उठता येईना. आर्डिसने त्याला मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, सगळीकडे पसरलेला. तो अकरा दिवस राहिला. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, या वर्षी मका ओला येतोय का? मी म्हटलं, अजून ओलाच आहे. त्याने मान हलवली. ट्रॅक्टरचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. आर्डिसने माझा हात धरला, कितीतरी वेळ सोडला नाही. मग म्हणाली, “मला वाटलं, ट्रॅक्टरसाठी करतोय.”

लॉवेल शेजारी उभा होता. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. पण बाकीच्यांनी फक्त पाहिलं होतं. मी तोललं होतं.

ऑफिसात येऊन मी काट्याच्या वहीतल्या दोन्ही नोंदी काढल्या. चार हजार तीनशे. तीन हजार नऊशे ऐंशी. फरक तीनशे वीस, त्यातून दोनशे ऐंशी वजा केले. चाळीस उरले. काटा बरोबर होता. ताणकाटाही बरोबर होता. मला वजाबाकी येते. मी ती केली नाही.

काल आर्डिसचा फोन आला. जत्रेच्या यादीत व्हर्लिनचं नाव आहे, कमिटी चालक बदलायला तयार आहे. लॉवेल त्यासाठी फार जाड आहे, असं लॉवेल स्वतःच म्हणाला. आर्डिस म्हणाली, हँडल मारायला त्याने तुलाच शिकवलं ना, मग तूच चालव. झेंडा राहिला तर राहिला, पण नाव पुकारल्यावर जागा रिकामी दिसायला नको.

मी हो म्हटलं आहे. माझं वजन एकशे पस्तीस आहे. मी बसले तर नाकावर वीसपेक्षा बरंच जास्त लोखंड लागेल. त्याने साठ पौंडांचा ब्रॅकेट कोणासाठी करायला घेतला, मला माहीत नाही.

आज दुपारी शेडमध्ये गेले. मिठाच्या पाण्याचे कॅन भिंतीशी ओळीने उभे आहेत. काढलेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात दोन आटे फिरवून ठेवलेला आहे. ब्रॅकेट शिकंज्यात आवळलेला आहे, खाली लोखंडाचा किस पडलेला आहे. तीन भोकं आरपार आहेत, त्यांच्या कडा कानशीने घासलेल्या. चौथ्या जागी खडूची फुली आहे आणि फुलीच्या मधोमध, ड्रिल घसरू नये म्हणून पंचाने ठोकलेला एक बारीक खड्डा.