डोळे आखणारा हात

मूर्तीचे डोळे आखणाऱ्याचा धर्म तुम्ही कधी विचारलात का? पेणला माझ्या बाबांच्या गणपतीच्या कारखान्यात एका गिऱ्हाइकाने विचारला. "मुसलमानाने आखलेली मूर्ती नको. त्याला काढा, नायतर आमच्या गावातलं कुणी येणार नाय." कारागिराचा कुंचला थांबला.

कोपऱ्यात रोह्याचे एक पत्रकार चहा फुंकत होते. राजकारणावर जळजळीत लिहायचे, देवाला कधी हात जोडत नसत. चपला मात्र बाहेर काढून यायचे. म्हणाले, "देव हाय का नाय, माझं अजून ठरलं नाय. पण हाताचा धर्म बघणारा देव नक्कीच नाय. मूर्ती मला द्या."

बाबा कारागिराला म्हणाले, "दुसरी घे रे आखायला."

एसटीच्या खिडकीत मांडीवर गणपती घेऊन बसलेले ते पत्रकार मला अजून दिसतात.

यंदा मूर्ती आणायला जाल, तेव्हा कारागिराला एवढंच विचारा: चहा घेणार का?