ओठ आधी, आवाज मागाहून

काडीबाईंचा टीव्ही शेजारच्या तीन घरांना फुकटात ऐकू यायचा. बत्तीस वर्षं कापड गिरणीत माग चालवून त्यांचे कान गेलेले. अंगाने किडकिडीत, म्हणून काडीबाई हे नाव तिथल्याच बायकांनी ठेवलेलं. सून मात्र त्यांना आईच म्हणायची. सून चांगली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरी बसून फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची तिची नोकरी. एकदा मालिकेतली खाष्ट सासू थेट गिऱ्हाइकाच्या कानात किंचाळली, सुनेला साहेबांची बोलणी खावी लागली, आणि घरात हेडफोनचा विषय निघाला.

त्याच आठवड्यात मुलाच्या बदलीचा कागद आला. महिन्याभरात दुसऱ्या शहरात हजर व्हायचं होतं. कोण कोण जाणार, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही आणि काडीबाईंनीही विचारलं नाही. आपल्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि असली गोष्ट ओरडून कशी सांगणार, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. जीव मात्र टांगणीला लागला होता.

रविवारी मुलगा त्यांना दुकानात घेऊन गेला. चिरंजीवांनी मोबाइलवर आधीच एक हेडफोन हेरून ठेवला होता, स्वस्तात मस्त. दुकानदाराने तो काडीबाईंच्या कानांवर चढवला आणि समोरच्या टीव्हीवर बातम्या लावल्या. काडीबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ओठ आधी हलतात, आवाज मागाहून येतो," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने स्वतः लावून पाहिला. "मला तर बरोबर वाटतंय. ब्लूटूथला जरासा उशीर होतो काकू, पण आजवर कुणी तक्रार केली नाही."

कुणी कशाला करेल? मागखात्यात बत्तीस वर्षं कुणी काढली होती? शेकडो माग एकदम धडधडायला लागले की तिथे माणसाच्या आवाजाला काही किंमत नसे. बायका बोलायच्या त्या नुसत्या ओठांनी, एकेक अक्षर ताणून. काडीबाईंचं लग्नही असंच जमलं. समोरच्या मागावरच्या माणसाने ओठांनी विचारलं, त्यांनी ओठांनीच हो म्हटलं. पुढे घरातही तीच सवय राहिली. नवराबायको आवाज न करता कडाकडा भांडायचे, आणि मध्ये बसलेलं पोर दोघांची तोंडं बघून खुदखुदायचं. पोराला ही बोली शाळेत जायच्या आधीच आली होती. मोठा झाल्यावर त्याला तिची लाज वाटायला लागली. सात वर्षांपूर्वी नवरा गेला आणि तसं बोलायला कुणी उरलं नाही. काडीबाईंना नवऱ्याची आठवण यायची ती बहुतेक त्याच्या तोंडाची.

दुकानदाराने दुसरा हेडफोन काढला. याच्यासोबत छोटा स्टँड होता, तो टीव्हीला जोडायचा आणि हेडफोनही त्यावरच चार्ज करायचा. गाद्या मऊ होत्या, आवाज वाढवायचं बटण मोठं होतं, आणि मुख्य म्हणजे शब्द ओठांबरोबरच येत होते. थोडा महाग होता, पण मुलाने कुरकुर केली नाही.

"दुसऱ्या घरी नेला तर तिथल्या टीव्हीला लागेल ना?" काडीबाईंनी दुकानदाराला विचारलं, पण बघत होत्या मुलाकडे.

"कुठेही न्या काकू."

मुलगा पावती वाचत राहिला. पावतीत वाचण्यासारखं असतं तरी काय!

घर एकदम शांत झालं. हेडफोन लावलेल्या काडीबाईंना आपलं काहीच ऐकू येत नाही, असं धरून सून त्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलायला लागली. गॅस कधी संपला, साहेब किती खडूस आहे, सगळं. काडीबाईंचा एक डोळा मालिकेवर आणि दुसरा सुनेच्या ओठांवर. असं चोरून बघणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण किती वर्षांनी घरातलं बोलणं पुरतं समजत होतं, आणि तो आनंद त्यांना सोडवेना.

गुरुवारी जेवणं आटोपल्यावर सून भांडी आवरता आवरता मुलाला म्हणाली, "आईंचं काय ठरवलंस? एकदा सांगून तरी टाक त्यांना."

मुलाने काडीबाईंकडे पाहिलं. मग तो उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बोलायला लागला. त्याची पाठ तेवढी दिसत होती. सुनेचे डोळे भरून आले.

सुनेला या बोलीचा पत्ताच नव्हता. मुलगा मात्र काही विसरला नव्हता.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "इकडे तोंड कर," त्या म्हणाल्या.

तो वळला. मग त्याने तोंड उघडलं आणि आवाज न करता, एकेक अक्षर ताणत, बापासारखंच सांगितलं, "तिथे एकच खोली आहे. तू इथेच राहा. मी येत जाईन."

"अरे, नुसता उभा काय राहिलास? बोल ना काहीतरी," सून म्हणाली.

"बोलला तो," काडीबाई म्हणाल्या.

सात वर्षांनी त्यांच्याशी कुणीतरी असं बोललं होतं, आणि त्यांना एकूण एक अक्षर कळलं होतं. त्यांनीही ओठांनीच विचारलं, "येशील म्हणजे कधी?"

पण तोवर त्याने मान खाली घातली होती. प्रश्न त्याला दिसलाच नाही.