रेखाला शाळा हाय

बापूंनी माझी पेटी एस.टी.च्या टपावर चढवली, तेव्हा माय फाट्यापर्यंत आली नव्हती. घराच्या दारातच तिनं निरोप दिला होता. दहावीला मला चांगले मार्क पडले आणि लातूरला क्लास लावायचं ठरलं. ‘चांगलं शीक’ असं काहीतरी ती म्हणेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, “भिताडाला टेकून निजू नको, सुमे.”

गाव सोडून गेलेल्या आणि गावातच राहिलेल्या आमच्याकडच्या कुणालाही या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. औसा तालुक्यातलं आमचं जुनं दगडमातीचं गाव भूकंपात गेलं. त्यात भिंतीखाली सापडून माझी धाकटी बहीण रेखा गेली; मी तेव्हा सात वर्षांची होते, ती तीन. पुढं सरकारनं माळावर वसवलेल्या सरळ गल्ल्यांच्या गावात, सिमेंटच्या घरात आम्ही तिघं राहायला गेलो. तिथं रेखाचं नाव कुणी काढत नसे. मनाई नव्हती, पण नाव निघालं की माय उठून परसात जायची आणि मग दिवसभर बोलायची नाही.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. ज्याच्या घरात एक खोली जास्त, त्यानं ती पोरींना नाहीतर पोरांना दिलेली. मला रशिदाखालाकडं जागा मिळाली. खाला ब्लाउज शिवायच्या, त्यांच्या मालकांचं बांगड्यांचं दुकान होतं. मी माझी गादी खोलीच्या मधोमध ओढली, तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही. शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवलं आणि म्हणाल्या, “बीच में सो बेटी. खुल्ला लगता.”

मग त्यांनी विचारलं, “घर में कौन कौन है?”

“माय, बापू, मी... आन् रेखा,” मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून रेखा वाढायला लागली. रविवारी क्लासची टेस्ट झाली की मी खालांच्या मशीनजवळ बसायची आणि रेखाचं सांगायची. ती मैत्रिणीशी भांडली, तिला चष्मा लागला, गणितात तिची दांडी उडाली. खाला पायानं मशीन चालवत ऐकायच्या. “फिर?” म्हणायच्या.

थंडीत बापू मला भेटायला आले. चहा देताना खाला सहज म्हणाल्या, “रेखा को बी लाना था ना भाईसाब. छोरी कित्ता बोलती उसका.”

 बापूंनी बशी खाली ठेवली.  मग म्हणाले, “तिला शाळा हाय.”

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले.  वाटेत बापूंनी विचारलं, “कितवीत हाय ती?”

“सातवीत.”

“आभ्यास करती का?”

“गणितात कच्ची हाय.”

“मंग तुझ्यावानी न्हाई,” म्हणाले आणि हसले. भूकंपानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. गोष्टी लिहिणारी म्हणून माझी सुरुवात कुठं झाली असं कुणी विचारलं, तर मी तो रस्ता दाखवीन.

पुढं नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग झालं, मग पुण्यात नोकरी आणि तिथून जर्मनीत स्टुटगार्ट. तिथं ऑफिसात दिवसभर इंग्रजी, ट्राममध्ये मोडकंतोडकं जर्मन. घरी आले की मराठीत काहीतरी लिहावंसं वाटायचं. त्यातून पुस्तक झालं. त्यात खाला खऱ्या आहेत, बापू खरे आहेत, आणि रेखा मोठी झाली आहे. तिनं उदगीरला ब्युटी पार्लर काढलंय, लग्न केलंय. प्रकाशकांनी विचारलं, “या कथा म्हणायच्या की आठवणी?” 

पुस्तक घेऊन गावी निघाले. आधी लातूरला उतरले. खाला थकल्यात, पण मशीन सुटलेलं नाही. त्यांना म्हटलं, “खाला, रेखा भूकंपातच गेली होती.”

“मालूम है,” त्या म्हणाल्या. “तू क्लास कू गयी थी, तेरे बापू फिर आये थे. मेरे सामने रो को बोले.”

“मग मला कधी विचारलं का नाही?”

“काय कू पूछना? तू बोलती थी, फिर आराम से सोती थी.”

माझं नशीब खरंच थोर. मला असं घर भाड्यानं राहायला मिळालं, जिथं माझं खोटं कुणी पकडून ठेवलं नाही, सांभाळून ठेवलं.

गावी पोचले, तर बापूंनी दुसऱ्याच दिवशी दुपारी ओट्यावर मायला पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. मी नको नको म्हणत होते. शेवटी आत जाऊन बसले. रेखा आरशापुढं बसून आपले लांब सरळ केस विंचरते, तिथं माय म्हणाली, “थांबा.”

आता ती उठून परसात जाणार, असं मला वाटलं.

“केस सरळ नव्हते तिचे. कुरळे व्हते. फणी मोडायची.” मग म्हणाली, “आन् वांगं खाती म्हून लिवलंय. कवाच खाल्लं न्हाई तिनं.”

“मंग सुमीला सांग की,” बापू म्हणाले.

“सुमे, भायेर ये.”

माय सांजेपर्यंत बोलत होती. रेखा झोपेत गाणं म्हणायची, कालवडीला ‘अगं ताई’ म्हणायची, मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मधेच तिनं विचारलं, “उदगीरला दिलीस तिला?”

“हाव.”

“लई लांब न्हाई. बरं केलंस.”

दुसऱ्या दिवशी गल्लीत नव्यानं राहायला आलेली एक बाई विरजण मागायला आली. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, “ही कोण?” आजवर असं कुणी विचारलं की माय म्हणायची, ‘माझी लेक. एकुलती हाय.’ शाळेत, लग्नात, पाव्हण्यांत मी तेच ऐकत मोठी झाले होते.

माय वाटीत विरजण घालता घालता म्हणाली, “ही माझी थोरली.”

स्टुटगार्टला लोक मला विचारतात, तुझं घर कुठं? आता मला उत्तर देता येतं. जिथं मी थोरली आहे, तिथं.